मावशीच्या बाहुल्या माळशेजला: प्रकल्प नोंदी

२७ जुलै २०२५, रविवार. नौपाडा, ठाणे

मावशीच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी आज दुपारी पूर्ण रिकामी केली. तेवीस बाहुल्या निघाल्या. बावीस कापडी, तिने स्वतः शिवलेल्या, आणि एक लाकडी. तीस वर्षं इतिहास शिकवून ती निवृत्त झाली, तेव्हापासून घरातल्या विरलेल्या नऊवारींच्या तुकड्यांतून बाहुल्या शिवते आहे. उंची नऊ इंच, आत शेवरीचा कापूस, बुडाशी वाळूची पुरचुंडी. प्रत्येकीचं लुगडं आमच्या घरातल्या कुणीतरी नेसलेलं आहे आणि बाहुलीचं नावही त्यावरूनच पडलंय. पणजीच्या लुगड्याची ती इरकली, आजीची ती चंद्रकळा, मोठ्या मामीची ती धारवाडी.

या बाहुल्या पेटीतच राहाव्यात हे मला बरेच दिवस खात होतं. ऐरोलीच्या ऑफिसातून सुटल्यावर आणि शनिवार-रविवारी मी फोटो काढते, बहुतेक खाडीकिनारी, पक्ष्यांचे. या वेळी बाहुल्यांचे काढायचे ठरवलं. बारा बाहुल्या, बारा फोटो, २०२६ची टेबलावर ठेवायची दिनदर्शिका. फोटो सगळे एकाच वाटेवरचे: कल्याण, मुरबाड, टोकावडे, माळशेज, ओतूर, जुन्नर आणि नाणेघाट.

मावशीची एकच अट आहे. "बाहुली खरोखर तिथे उभी राहिली पाहिजे. कॉम्प्युटरवर डोंगर मागे चिकटवणार असशील तर माझ्या पेटीला हात लावू नकोस." मला हीच अट स्वतःलाही घालायची होती.

लाकडी बाहुली निर्मलची आहे. काका नोकरीसाठी नांदेडला होते, तेव्हा तेलंगणातल्या निर्मलला जाऊन त्यांनी ती आणली होती. तिथे पोनिकीच्या हलक्या लाकडाची खेळणी करतात. चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून त्याने सांधे भरतात, मग रंग चढवतात. आज नकाशा उघडून मावशीला एक गोष्ट दाखवली. कल्याणहून माळशेज चढून जाणारा महामार्ग, आताचा ६१ नंबरचा, पूर्वीचा २२२, नगर, परभणी, नांदेड करत पुढे थेट निर्मलला पोचतो. आपण वीकएंडला ज्या घाटाकडे गाड्या पळवतो, तोच रस्ता त्या बाहुलीच्या गावाला जातो. मावशी नकाशावर बोट ठेवून बराच वेळ बसली होती. "काका हिला याच रस्त्याने घेऊन आले असतील," एवढंच म्हणाली.

३ ऑगस्ट, रविवार. उपवन

घाटात जाऊन शिकण्यापेक्षा इथेच चुका करून घ्याव्यात म्हणून सकाळी साडेसहाला उपवन तलावावर गेलो. इरकलीला काठावरच्या कट्ट्यावर ठेवलं, मागे येऊरचे डोंगर, त्यावर ढग. उभ्याने फोटो काढले. एकही कामाचा नाही. वरून काढलं की बाहुली कुणीतरी विसरून गेलेली वस्तू दिसते, आणि डोंगर तर चौकटीतूनच जातो. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं म्हणजे जमिनीवर पालथं पडायचं. जुनी सतरंजी लागेल.

दुसरी अडचण फोकसची. जवळ जाऊन बाहुली मोठी घेतली की मागचा डोंगर दुधासारखा पुसट होतो. घरी येऊन हिशेब केला. माझ्या क्रॉप सेन्सरच्या (थोड्या लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लेन्स १८ मिलिमीटरला ठेवली, लेन्सचं छिद्र एफ/११ केलं (आकडा मोठा तसं छिद्र बारीक) आणि फोकस दीड मीटरवर धरला, तर पाऊण मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पण पाऊण मीटरवरची नऊ इंची बाहुली आडव्या चौकटीच्या उंचीचा तिसरा हिस्साच व्यापते. एफ/१६ला अर्ध्या मीटरपर्यंत जाता येतं, तेव्हा ती निम्म्याला येते. इतक्या बारीक छिद्राने चित्र थोडं मऊ होतं, ते हाताएवढ्या पानावर चालून जाईल.

गंमत म्हणजे फोनचा सेन्सर चिमुकला असल्यामुळे बाहुली आणि डोंगर दोन्ही त्यात आपोआप स्पष्ट येतात. शिवाय फोन उलटा धरला की लेन्स जमिनीला टेकते आणि कॅमेरा बाहुलीच्याही खाली जातो. हा फायदा मोठा आहे. दोन्ही न्यायचे.

१० ऑगस्ट, रविवार. नौपाडा

आजचा दिवस डोळ्यांचा.

उपवनचे फोटो लॅपटॉपवर मोठे करून मावशीला दाखवले. ती म्हणाली, "ही डोंगर बघायला आली आहे की तुला बघायला?" तिने बरोबर ओळखलं. सगळ्या बाहुल्यांची बुबुळं डोळ्याच्या बरोबर मधोमध आहेत. शोकेसमध्ये ठेवायची बाहुली समोरच्याकडे बघते, म्हणून ती तशी भरली जातात. बाहुली आडवी वळवली तरी नजर सरळ नाकासमोरच राहते आणि ती ताठरल्यासारखी दिसते. माणूस डोंगर बघतो तेव्हा मान थोडी वळते, डोळे त्याहून थोडे जास्त वळतात.

मावशीने चंद्रकळेचा उजवा डोळा उसवला. कातरीच्या टोकाने एकेक टाका उचलून, कापडाला इजा न होता. मग काळ्या रेशमाच्या एकेरी धाग्याने बुबुळ पुन्हा भरलं, या वेळी डावीकडे एक टाका सरकवून. फक्त एक टाका, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. दुसरा डोळाही तसाच केला आणि वरच्या पापणीची रेघ किंचित खाली आणली. बाहुली खिडकीत ठेवली, तर ती गोखले रोडकडे बघत होती. दोन टाके सरकवले की चोरून बघितल्यासारखं दिसतं, हेही एकीवर करून पाहिलं आणि परत उसवलं. रात्री नऊपर्यंत चार बाहुल्यांचे डोळे झाले. कुणी डावीकडे बघायचं, कुणी उजवीकडे, कुणी खाली दरीत, हे आता आधी ठरवावं लागणार. जागा बाहुलीप्रमाणे शोधायची.

उभं राहण्याचंही काम झालं. जुन्या छत्रीच्या काड्या तोडून आणल्या. पाठीतून लुगड्याच्या आत घालायच्या, खालचं टोक जमिनीत रुतवायचं. कुंडीत जोरदार पंखा लावून पाहिलं, पडली नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

पाऊस थांबत नाही. पावसाळ्यात धबधब्यांपाशी मनाई आदेशही निघतात आणि ते योग्यच आहे. घाटाचा विचार गणपतीनंतर. आज फक्त कापडांच्या रंगांची परीक्षा: ओल्या पांढऱ्या रुमालाने प्रत्येक लुगडं पुसलं. इरकलीच्या पदराचा लाल रंग रुमालावर आला. धुक्यात तो तिच्या हातांवर उतरला असता. मावशीने पदर उसवून मिठाच्या पाण्यात टाकला आहे.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जन काल झालं. मूर्ती घरीच शाडूची केली होती, त्यातला दोन किलो गोळा ओल्या फडक्यात ठेवला आहे. घाटातला खडक काळा बेसाल्ट, त्यात छत्रीची काडी रुतणार नाही. तिथे शाडूचा पेढ्याएवढा गोळा खाली लावायचा आणि काडी त्यात. काम झालं की पाण्याने धुतलं, खडकावर काही उरत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार. माळशेज

पहाटे सव्वापाचला नौपाड्यातून निघालो. मी, मावशी, बारा बाहुल्या बुटांच्या खोक्यांत मलमलीत गुंडाळून. मुरबाड सोडताना उजाडलं. भात पोटऱ्यात आलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवं, आणि समोर सह्याद्रीची भिंत ढगात कमरेपर्यंत बुडालेली. वैशाखरे आलं तेव्हा मावशीने नाणेघाटाची वाट कुठून चढते ते दाखवलं. ती कॉलेजात असताना इथून चालत वर गेली होती.

गाडीचा एसी मुरबाडनंतर बंद ठेवला. थंड लेन्स दमट हवेत काढली की लगेच बाष्प धरते आणि वीस मिनिटं वाया जातात. दोन वर्षांपूर्वी कर्नाळ्याला हे भोगलं आहे.

घाटातले नियम आधीच ठरवले होते. वळणावर थांबायचं नाही, गाडी फक्त रुंद कडेला आणि रस्त्याच्या पूर्ण बाहेर, दरड कोसळल्याच्या ताज्या खुणा असतील तिथे उतरायचंच नाही. मी पालथी पडले की मावशी मागे उभी राहून रस्त्याकडे लक्ष ठेवणार. तिने शाळेतली शिट्टी आणली होती. गाडी आली की एक शिट्टी, ट्रक आला की दोन.

पहिले दोन तास मोठ्या धबधब्यांसमोर घालवले आणि तिथे काहीच जमलं नाही. कड्यावरून पाणी कोसळतंय, समोर कठड्यावर धारवाडी, तिचे डोळे बरोबर पाण्याकडे. चित्र पाहिलं तर ती हरवलेली वाटते. एवढ्या उंच कड्यासमोर नऊ इंचांच्या जिवाला बसायला जागा नाही. एकदा माणसाच्या हाताएवढ्या पानाची शेवाळलेली डहाळी तिच्या बाजूला आली आणि चित्र एकदम नीट बसलं. तेव्हापासून आम्ही धबधब्याकडे पाठ करून कठड्याचे दगड बघायला लागलो. कठड्यावरचं शेवाळ जवळून बघितलं तर जंगल आहे: अर्ध्या इंचाच्या देठांवर शेंगांसारखी टोपणं, त्यांत थेंब अडकलेले. तिथे बाहुली उभी केली की ती जंगलात उभी असते, आणि मागे पुसटसा खरा कडा येतो. आजचे तीन चांगले फोटो एकाच दहा फूट कठड्यावरचे आहेत.

माथ्यावर पोचलो तर धुकं इतकं की गाडीचं बॉनेट दिसेना. एका टपरीवर थांबलो, चहा आणि भाजलेलं कणीस. टपरी चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या असाव्यात, जवळच्याच वाडीतल्या, लुगडं गुडघ्याच्या वर घट्ट नेसलेलं. मावशीने इरकलीला वाळवायला चुलीच्या कडेला धरलं होतं. बाईंनी बघितलं, हात पुसले आणि विचारलं, "आजी, ही कुटं निघालीया?"

मावशी म्हणाली, "नाणेघाट चढायला."

"आसं पायघोळ नेसून? गवतात आडकंल, दगडावर घसरंल. डोंगरात आसं कुणी नेसत न्हाय."

"मग तुम्हीच नेसवून दाखवा," मावशी म्हणाली आणि बाहुली त्यांच्या हातात दिली.

बाईंनी ती मांडीवर आडवी घेतली. निऱ्या सोडवून निम्म्या केल्या, कासोटा मागे ओढून असा खोचला की कापड मांडीला चिकटून बसलं, पदर छातीवरून आडवा घेऊन कमरेला गाठ मारली. दोन मिनिटांचं काम. मग त्या थांबल्या. लुगड्याखालून बाहुलीचे पाय बाहेर आले होते, पांढरेफटक, दोन कापडी नळ्या, गुडघा नाही, पोटरी नाही. पायघोळ लुगड्याखाली ते कधी दिसणारच नव्हते, म्हणून मावशीने चेहरा आणि हात चहात रंगवले होते आणि पाय तसेच सोडले होते.

मावशी मला नंतर गाडीत म्हणाली, "बावीस बाहुल्या शिवल्या, एकीलाही चालता येणार नाही."

रात्री ओतूरला मुक्काम. लॉजवाल्याकडून दोन कप कोरा चहा मागवला. मावशीने इरकलीचे पाय त्यात बुडवले, टिपकागदाने दाबले, परत बुडवले, तीनदा. मग गुडघ्याच्या जागी मागून चार टाके घेऊन कापड किंचित ओढलं, की तिथे खळगा पडून गुडघा दिसावा. पंख्याखाली वाळत टाकले आहेत. साडेअकरा वाजलेत, ती अजून दुसऱ्या बाहुलीचे पाय उसवते आहे.

१४ सप्टेंबर, रविवार. नाणेघाट

जुन्नरहून आपटाळे, घाटघर करत गाडी थेट नाणेघाटाच्या पठारापर्यंत येते. वाटेत चावंड, पुढे जीवधन आणि त्याच्या कडेला वानरलिंगीचा सुळका. वारा एवढा होता की गाडीचं दार उघडताना दोन्ही हात लावावे लागले. शाडूचा गोळा आणला नसता तर दिवस फुकट गेला असता.

मावशी आधी रांजणापाशी गेली. घाटमाथ्यावर ठेवलेलं ते मोठं दगडी भांडं. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच खिंडीतून जुन्नरला चढायचा आणि जकातीची नाणी या रांजणात पडायची असं सांगतात. मला त्यात आपलं गाव दिसतं. ठाण्याच्या खाडीपासून वर देशावर जायची ही जुनी वाट, आणि काल आम्ही डांबरी रस्त्याने तीच फेरी मारून आलो.

मग गुंफा. भिंतींवर ब्राह्मी लिपीत नागनिका राणीचा लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना, यज्ञांचा आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेचा, किती गायी, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली याचे आकडेही त्यात कोरलेले. मावशीने शाळेत हा लेख कित्येक वर्षं शिकवला. मला मात्र तिने मागच्या भिंतीसमोर उभं केलं. तिथे सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. वर त्यांची नावं आहेत: सिमुक सातवाहन, राणी नायनिका आणि राजा सातकर्णी, महारठी त्रनकयिरो, कुमार. मूर्ती गेल्या. काही ठिकाणी खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, मधे उघडा दगड.

मावशी किती वेळ तिथे उभी होती ते मी मोजलं नाही. तिच्या हातात इरकली होती, चहाने रंगवलेले पाय बाहेर. "यांनाही कुणीतरी डोळे कोरले असतील," ती म्हणाली. "ते बाहेर कोकणाकडे बघत असतील, नाही?"

गुंफेत बाहुली ठेवली नाही. तो संरक्षित ठेवा आहे, तिथे शाडू लावायचा प्रश्नच नव्हता आणि आम्हा दोघींनाही ते बरं वाटलं नसतं. फोटो घेतला तो बाहेर, जिथे दगडी वाट खाली कोकणात उतरते तिथे. सर्वात वरच्या पायरीच्या कडेला इरकली उभी केली, एक पाय पुढच्या दगडावर. गुडघ्याचे चार टाके आता कामाला आले, पाय खराच दुमडलेला दिसतो. पदर कमरेला बांधलेला असल्यामुळे वाऱ्यात फक्त त्याचं टोक फडफडतं. मी खालच्या पायरीवर पाठीवर झोपले, फोन उलटा छातीवर धरून. तिचे डोळे तिच्या डावीकडे, खालच्या मुरबाडच्या मैदानाकडे. धुकं फाटलं आणि खाली भाताची शेतं चमकली, तेवढ्या अर्ध्या मिनिटात सतरा फोटो घेतले. त्यातला पाचवा.

उतरताना मावशीने विचारलं, "निर्मलवालीला कुठे उभं करणार?" दोन दिवसांत ती खोक्यातून बाहेर आलीच नाही. तिचे डोळे लाकडावर रंगवलेले, समोर बघणारे. ते उसवता येत नाहीत.

१६ सप्टेंबर, मंगळवार

चारशे बारा फोटो. रात्री दोनपर्यंत बसून नऊ निवडले. धबधब्याचे सगळे गेले. कठड्यावरचे तीन, पिंपळगाव जोगे धरणाच्या काठच्या चिखलातला एक, ओतूरच्या बाजारातल्या कांद्याच्या राशीवरचा एक (हा बाहुल्यांच्या फोटोंत आजवरचा माझा सर्वात आवडता), नाणेघाटाचे तीन, घाटघरच्या बांधावरचा एक. चंद्रकळेचा फोटो जानेवारीला ठरला, संक्रांतीला काळंच नेसतात. तीन अजून हवेत.

एक चूक परत होता कामा नये: सहा फोटोंत पाठीतल्या काडीचं टोक मानेमागे चमकतंय. पुढच्या वेळी काड्यांवर काळी टेप.

२४ सप्टेंबर, बुधवार

खालच्या मजल्यावरच्या तमिळ शेजाऱ्यांकडे कोलू, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, बघायला गेलो. पाच पायऱ्या, पायऱ्या नेहमी विषम संख्येत. सर्वात वरच्या पायरीवर लाकडी जोडी, मरपाची, राजा आणि राणी. आजींनी सांगितलं की ही जोडी त्यांना लग्नात आईने दिली आणि दरवर्षी तिला नवीन कापड नेसवतात. मावशीने आमच्याकडच्या ठकीची आठवण सांगितली, लाकडाच्या एका तुकड्यातून कोरलेली, तिच्या लहानपणी घरी होती. मग तिने एक विचारलं, जे माझ्या डोक्यात आलं नव्हतं: "यांची तोंडं कुठल्या दिशेला ठेवता?" त्या म्हणाल्या, घरात येणाऱ्याकडे. म्हणजे रंगवलेल्या डोळ्यांच्या बाहुलीची दिशा आपण सगळी बाहुलीच फिरवून ठरवायची असते. परत येताना जिन्यातच आमचं निर्मलवालीचं ठरलं.

४ ऑक्टोबर, शनिवार. माळशेज, दुसरी फेरी

पहाटे साडेचारला निघालो, कारण उजेड पूर्वेकडून हवा होता. पावणेआठला माथ्यावर. पाऊस नाही, हवा धुतल्यासारखी, उतारांवर सोनकीची पिवळी फुलं अजून होती. सोनकीत धारवाडीचे दोन फोटो पटकन झाले. फुलं तिच्या कमरेइतकी येतात, मापाला अगदी बरोबर.

मग निर्मलवाली. रस्त्यापासून दहा-बारा फूट आत एक सपाट काळा खडक आहे, तिथून महामार्ग पूर्वेला उतरून वळणामागे जाताना दिसतो. तिला खडकावर ठेवलं. लाकडी बैठक, काडी नको, शाडूही नको. तोंड रस्त्याच्या दिशेने, पूर्वेकडे, नगर, परभणी, नांदेड आणि त्याच्यापुढे निर्मल. मी तिच्या मागे, किंचित डावीकडे, सतरंजीवर. छिद्र एफ/१६, फोकस एक मीटरवर. उन्हं समोरून येत होती, त्यामुळे तिची पाठ सावलीत. थर्मोकोलच्या तुकड्याने थोडा उजेड परत फेकला, एवढाच की अंबाड्यावरचा लाल रंग आणि झिजलेल्या खांद्याखालचं पांढरं लाकूड दिसावं. खांद्यावरचा रंग मावशीच्या मुलीने लहानपणी चघळून घालवलेला आहे. चेहरा दिसत नाही. गालाची कडा तेवढी सोनेरी होते आणि नजर कुठे आहे ते मानेवरून कळतं.

मावशीने शिट्टी खिशात ठेवली होती, रस्ता बराच दूर होता. ती खडकाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्याच दिशेने बघत होती. तिचाही एक फोटो घेतला आहे. तो दिनदर्शिकेत नाही.

परत फिरताना टपरीवर थांबलो. बाई बाजाराला गेल्या होत्या, मुलगा होता. इरकलीचा फोटो फोनवर दाखवला तर तो म्हणाला, "आईनं नेसवलेली हीच का?" त्याच्या फोनवर पाठवला.

२६ ऑक्टोबर, रविवार

छपाईचा पहिला नमुना काळवंडून आला होता. चंद्रकळेच्या काठाची बारीक रेघ कापडात बुडाली आणि निर्मलवालीचा खांदा दिसेना. दोष माझाच, मी रात्री स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून फोटो उजळवले होते, कागद स्वतः उजळत नाही. स्क्रीन निम्म्यावर आणून सगळे बारा पुन्हा केले, सावल्या थोड्या वर उचलल्या. आजचा नमुना ठीक. मावशीने भिंग लावून चंद्रकळेचा काठ मोजला आणि होकार दिला.

छापणाऱ्याने डिसेंबरच्या पानावर विचारलं, या बाहुलीचा चेहऱ्याचा फोटो नाही का? मावशीने सांगितलं, आहे तोच ठेवा.

पंचवीस प्रती सांगितल्या आहेत. त्यातली एक टपरीवरच्या बाईंना द्यायची, डिसेंबरात, पिंपळगाव जोग्याला पक्षी बघायला जाऊ तेव्हा. नेताना दोन बाहुल्याही न्यायच्या, त्यांना नेसवायला. मावशीने आज गुडघ्याला शिवण घातलेले पायांचे दोन जोड बेतले, पोटरीला थोडा कापूस जास्त. कोऱ्या चहात भिजवलेलं कापड गॅलरीतल्या दोरीवर वाळतंय.